जुन्या सनदांतून घडलेला नवा युरोप

युरोपचा आधुनिक इतिहास आपल्याकडे शाळेत शिकवला जातो तेव्हा तो ठरावीक क्रमाने येतो. आधी प्रबोधन, मग भौगोलिक शोध, मग धर्मसुधारणा, त्यानंतर विज्ञानाची झेप, फ्रेंच राज्यक्रांती आणि शेवटी औद्योगिक क्रांती. हा क्रम ढोबळमानाने बरोबर आहे आणि परीक्षेसाठी पुरेसाही आहे. मात्र त्यातून असा समज सहज होतो की, त्या साडेचारशे वर्षांतील माणसांना जुने जग मोडून नवे उभारायचे होते आणि एकेक पिढी तो कार्यक्रम पुढे नेत गेली. त्या माणसांनी स्वतः जे लिहून ठेवले आहे ते वाचले, तर चित्र जवळजवळ उलटे दिसते. प्रबोधनातील विद्वानांना प्राचीन रोम परत हवे होते, ल्यूथरला येशूच्या शिष्यांच्या काळातील चर्च हवे होते, कोपर्निकसला ग्रीकांची वर्तुळे शुद्ध स्वरूपात हवी होती आणि इंग्लंडच्या पार्लमेंटला तेराव्या शतकातील हक्क हवे होते. मागे जाण्याच्या या धडपडीतून पुढचे जग कसे निर्माण झाले आणि मागे पाहण्याची ही सवय नेमकी कोठे तुटली, हे लक्षात घेतले की ही सगळी वळणे एकमेकांत गुंतलेली दिसू लागतात.

मध्ययुगीन युरोपात एखादा हक्क खरा की खोटा, हे बहुधा त्याच्या वयावरून ठरत असे. आपल्याकडच्या वतनाच्या तंट्यांची ज्यांना माहिती आहे, त्यांना ही मनोवृत्ती समजायला अडचण पडणार नाही. पाटीलकीचा किंवा देशमुखीचा वाद गोतसभेपुढे आला की दोन्ही पक्ष जुन्या सनदा आणि महजर काढून दाखवत. ज्याचा कागद जुना त्याचा हक्क पक्का, आणि म्हणूनच बनावट कागद तयार करण्याचा उद्योगही चालत असे. युरोपातील राजे, सरदार, मठ, शहरे आणि खुद्द पोप हे सारे याच न्यायाने वागत होते.

प्रबोधनाची सुरुवात जेथे झाली त्या फ्लॉरेन्समध्ये पैसा होता, पण प्राचीन सनदा फारशा नव्हत्या. १२५२ पासून तेथे पाडले जाणारे ‘फ्लोरिन’ हे सोन्याचे नाणे युरोपभर चालत होते, लोकरी कापडाचा व्यापार मोठा होता आणि १३९७ मध्ये तेथे मेदिची घराण्याची पेढी सुरू झाली. त्याआधी १३४७ ते १३५१ या काळातील प्लेगने युरोपातील किमान एक तृतीयांश माणसे नेली होती आणि फ्लॉरेन्सची तर दैना झाली होती. तरीही पेढ्या आणि विणकाम यांच्या जोरावर शहर पुन्हा उभे राहिले. सरंजामी वंशावळ नसलेल्या या व्यापाऱ्यांना प्रतिष्ठेसाठी एक पूर्वज हवा होता आणि तो त्यांना प्राचीन रोमच्या प्रजासत्ताकात सापडला. कवी पेत्रार्कला १३४५ मध्ये व्हेरोना येथे सिसेरोच्या पत्रांची हस्तलिखिते मिळाली. पोज्जो ब्राच्चोलिनी याने १४१७ मध्ये एका जर्मन मठात प्राचीन रोमन कवी लुक्रेशियसचे विसरले गेलेले काव्य शोधून काढले. ब्रुनेलेस्कीने रोमच्या भग्न इमारतींचा अभ्यास केला आणि १४२० ते १४३६ या काळात फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलवर सुमारे ४५ मीटर व्यासाचा घुमट जमिनीपासून लाकडी आधार न देता चढवला. प्राचीनांची बरोबरी करण्यासाठी घेतलेल्या या कामात त्याने त्यांनाही ठाऊक नसलेल्या युक्त्या वापरल्या, ही गोष्ट त्याच्या समकालीनांच्या नजरेतून सुटली नाही.

येथे एक खुलासा करणे आवश्यक आहे. १४५३ मध्ये तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकले, तेथील ग्रीक पंडित इटलीत पळून आले आणि त्यामुळे प्रबोधन सुरू झाले, असे अजूनही पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. मात्र मॅन्युएल क्रायसोलोरास हा ग्रीक विद्वान १३९७ मध्येच फ्लॉरेन्समध्ये ग्रीक शिकवू लागला होता आणि वर उल्लेखिलेल्या बहुतेक घटना १४५३ पूर्वीच्या आहेत. कॉन्स्टँटिनोपलच्या पाडावाने चालू प्रवाहाला पाणी मिळाले इतकेच म्हणता येईल.

या सगळ्या जुन्या ग्रंथांच्या नादात एक कौशल्य तयार झाले आणि माझ्या मते प्रबोधनाची खरी देणगी चित्रे किंवा घुमट यांपेक्षाही हे कौशल्य होय. कोणता शब्द कोणत्या शतकात वापरला जात होता, हे ओळखण्याची ती विद्या होती. तिचा सर्वांत धारदार उपयोग लोरेंझो व्हाल्ला याने १४४० मध्ये केला. चौथ्या शतकातील सम्राट कॉन्स्टंटाईनने आपला कुष्ठरोग बरा केल्याच्या कृतज्ञतेपोटी पोप सिल्व्हेस्टर याला रोम आणि साम्राज्याचा पश्चिम भाग बहाल केला, अशी एक सनद पोपच्या राजकीय सत्तेच्या समर्थनार्थ शतकानुशतके दाखवली जात होती. व्हाल्लाने तिची भाषा तपासली. रोमच्या सरदारांचा उल्लेख त्या सनदेत ‘सत्रप’ असा होता आणि चौथ्या शतकातील रोमन दरबारी आपल्या लोकांना असे कधीच म्हणाला नसता. कॉन्स्टँटिनोपल हे शहर वसण्यापूर्वीच तेथील धर्मपीठाचा उल्लेख त्या सनदेत आला होता. लॅटिनची धाटणीही कित्येक शतके नंतरची होती. सनद बनावट होती, आणि ती आठव्या शतकाच्या सुमारास रचली गेली असे आज मानले जाते. व्हाल्लाने हे लिहिले तेव्हा तो नेपल्सच्या गादीसाठी पोपशी भांडणाऱ्या आरागॉनच्या आल्फोन्सोच्या पदरी होता, हे विसरून चालणार नाही. विद्वत्तेमागे धन्याचा स्वार्थही होता. विशेष म्हणजे पुढे एका विद्याव्यासंगी पोपने याच व्हाल्लाला आपल्या नोकरीत घेतले. ज्या समाजात सगळी सत्ता जुन्या कागदावर उभी होती, तेथे कागद तपासण्याची पद्धत सापडणे ही गोष्ट किती स्फोटक आहे, हे त्या वेळी रोममध्ये फारसे कोणाच्या ध्यानात आले नसावे.

स्फोट होण्यासाठी आणखी एक साधन लागले आणि ते जर्मनीतील माइंत्स शहरात तयार झाले. योहान गुटेनबर्ग याने सुटे धातूचे खिळे, तेलयुक्त शाई आणि दाबयंत्र यांचा मेळ घालून १४५५ च्या सुमारास बायबल छापले. त्याच्या सुमारे १८० प्रती निघाल्या असाव्यात. त्याच सुमारास माइंत्समध्ये आणखी एक छपाई होत होती आणि ती अधिक फायद्याची होती. पापाबद्दल भोगावी लागणारी शिक्षा माफ झाल्याचे सांगणारी चर्चची क्षमापत्रे तेथे छापली जात होती. नाव लिहिण्यासाठी जागा कोरी सोडलेले ते छापील अर्ज होते. म्हणजे छपाईने चर्चला धक्का देण्याआधी चर्चचा महसूल वाढवायला मदत केली होती. १५०० पर्यंत युरोपातील २०० हून अधिक शहरांत छापखाने निघाले.

मार्टिन ल्यूथरचा प्रसिद्ध वाद याच क्षमापत्रांवरून झाला आणि त्यामागचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. ब्रांडेनबुर्गचा अल्बर्ट याला माइंत्सचे आर्चबिशपपद हवे होते. त्यासाठी रोमला भरावी लागणारी मोठी रक्कम त्याने आउग्सबुर्गच्या फुग्गर पेढीकडून कर्जाऊ घेतली. कर्ज फेडण्यासाठी त्याला आपल्या मुलखात क्षमापत्रे विकण्याची परवानगी मिळाली. आलेल्या पैशापैकी अर्धा रोममधील सेंट पीटर चर्चच्या बांधकामासाठी जायचा आणि अर्धा फुग्गरांच्या हप्त्यांत. ल्यूथरला हा व्यवहार ठाऊक नसावा. त्याचा आक्षेप धर्मशास्त्रीय होता. ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी त्याने विटेनबर्गहून आर्चबिशपला पत्र पाठवून त्यासोबत ९५ मुद्दे जोडले. ते लॅटिनमध्ये, विद्वानांच्या चर्चेसाठी लिहिलेले होते. काही आठवड्यांतच ते छापले जाऊन जर्मनीभर पसरले. १५२० मध्ये व्हाल्लाचा ग्रंथ ल्यूथरच्या वाचनात आला आणि पोपची सत्ता बनावट कागदावर उभी असल्याचा पुरावा मिळाल्यावर त्याचा उरलासुरला आदरही गेला. १५२१ मध्ये वर्म्स येथे सम्राटापुढे त्याने माघार घ्यायला नकार दिला आणि १५२२ मध्ये बायबलमधील ‘नव्या करारा’चे जर्मन भाषांतर प्रसिद्ध केले. नवा पंथ काढण्याची त्याची इच्छा नव्हती. मधल्या काळात साचलेला मळ काढून टाकला की मूळ चर्च दिसेल, अशी त्याची श्रद्धा होती.

पण मूळ ग्रंथ प्रत्येकाच्या हाती गेला की प्रत्येकाला त्यात आपले मूळ दिसू लागते. १५२५ मध्ये दक्षिण जर्मनीतील शेतकऱ्यांनी मेमिंगेन येथे १२ कलमी मागणीपत्र तयार केले. वेठबिगारी कमी करा, सरदारांनी बळकावलेली गावाची कुरणे परत द्या, जंगलातील लाकूड मोकळे करा, अशा त्यातील मागण्यांना बायबलचा आधार दिला होता. ल्यूथरने सुरुवातीला दोन्ही पक्षांना दोष दिला आणि उठाव पेटल्यावर मात्र शेतकऱ्यांना निर्दयपणे ठेचण्याचा सल्ला राजांना दिला. त्या युद्धात सुमारे १ लाख माणसे मारली गेली, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. पुढचे शतक धर्मयुद्धांत गेले. १६१८ ते १६४८ च्या तीस वर्षांच्या युद्धाने जर्मन प्रदेश उजाड झाले आणि वेस्टफालियाच्या तहाने अखेर एवढेच मान्य केले की, एका धर्माखाली युरोप पुन्हा एकत्र येणार नाही.

या फाटाफुटीचा एक धागा थेट आपल्या भाषेपर्यंत येतो. इंग्लंड प्रोटेस्टंट झाल्यावर तेथील कॅथलिकांना देश सोडून बाहेर शिक्षण घ्यावे लागे. अशांपैकी थॉमस स्टीफन्स हा तरुण रोममध्ये जेझुइट या कॅथलिक धर्मसंघात दाखल झाला आणि १५७९ मध्ये गोव्यात पोहोचला. गोव्यात १५५६ पासून छापखाना होता. स्टीफन्सने मराठी आत्मसात करून सुमारे ११,००० ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ रचले आणि १६१६ मध्ये ते गोव्याच्या साष्टी भागातील रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. विटेनबर्गच्या वादाची एक लाट साष्टीत येऊन अशा रीतीने ओवीछंदात उतरली.

गोव्यापर्यंतचा समुद्रमार्ग ज्या शोधांमुळे खुला झाला, त्यांविषयी थोडक्यातच लिहितो, कारण तो भाग वाचकांना बऱ्यापैकी परिचित असतो. मात्र तेथेही जुना ग्रंथ होताच. टॉलेमी या प्राचीन ग्रीक विद्वानाचा भूगोल पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला लॅटिनमध्ये आला. त्यात पृथ्वीचा घेर प्रत्यक्षाहून कमी धरलेला होता. कोलंबसाने तो आणखी कमी मानला आणि पश्चिमेकडून आशिया हाकेच्या अंतरावर आहे, या हिशेबाने तो १४९२ मध्ये निघाला. हिशेब साफ चुकला होता, तरी वाटेत एक खंड आडवा आल्यामुळे तो वाचला, आणि आपण आशियातच पोहोचलो हे मत त्याने मरेपर्यंत सोडले नाही. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला आला आणि १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला. अमेरिकेतील स्थानिक लोकसंख्येचा देवीसारख्या रोगांनी, युद्धांनी आणि वेठीने संहार झाला. १५४५ मध्ये सापडलेल्या पोतोसीच्या खाणींतील चांदी स्पेनमार्गे चीनपर्यंत वाहू लागली. आपल्या स्वयंपाकघरातील मिरची, बटाटा आणि टोमॅटो ही याच उलाढालीची देणगी. युरोपच्या विचारांवर याचा परिणाम असा झाला की, टॉलेमीला आणि ॲरिस्टॉटलला ज्यांची गंधवार्ताही नव्हती असे प्रदेश, प्राणी आणि माणसे खलाशांनी डोळ्यांनी पाहिली. प्राचीनांना सर्व काही ठाऊक होते, हे विधान त्यानंतर पूर्वीच्या ठामपणे करता येईना.

कोपर्निकसची गोष्ट या दृष्टीने फार बोलकी आहे. फ्रॉमबोर्क येथील कॅथेड्रलच्या सेवेत असलेल्या या गणितज्ञाला टॉलेमीच्या खगोलशास्त्रातली एक गोष्ट खटकत होती. ग्रहांची गती जुळवण्यासाठी टॉलेमीने असा एक बिंदू कल्पिला होता की, ज्यामुळे ग्रह वर्तुळात समान वेगाने फिरतात हे मूळचे तत्त्वच मोडत होते. ते तत्त्व वाचवण्यासाठी कोपर्निकसने सूर्य मध्यभागी आणला. १५४३ मध्ये छापलेला आपला ग्रंथ त्याने पोपला अर्पण केला आणि प्रस्तावनेत असा दाखला दिला की, पृथ्वी फिरते असे काही प्राचीन ग्रीकांनीही म्हटले होते. म्हणजे पृथ्वीला गती देणारा माणूससुद्धा आपल्यामागे जुनी साक्ष उभी करत होता.

ही साखळी योहान केप्लरने तोडली आणि तीही अनिच्छेने. टायको ब्राहे या खगोलशास्त्रज्ञाने केलेल्या मंगळाच्या निरीक्षणांशी त्याचे वर्तुळ ८ कलांनी जुळेना. आकाशात हा फरक पूर्ण चंद्राच्या व्यासाच्या साधारण चौथ्या हिश्श्याएवढा असतो आणि त्याच्या आधीच्या कोणीही तो चालवून घेतला असता. केप्लरने दोन हजार वर्षांचे वर्तुळ सोडले आणि १६०९ मध्ये लंबवर्तुळ मांडले. पुढच्याच वर्षी गॅलिलिओने दुर्बिणीतून गुरूचे चार चंद्र पाहिल्याचे प्रसिद्ध केले. १६३३ मध्ये रोमने त्याला माघार घ्यायला लावली, तरी दुर्बीण कोणालाही विकत घेता येत होती आणि गुरू रोज रात्री उगवत होता. १६६० मध्ये लंडनला स्थापन झालेल्या रॉयल सोसायटीने ‘कोणाच्याही शब्दावर विसंबू नका’ अशा अर्थाचे लॅटिन ब्रीद घेतले. प्रयोग लोकांसमोर करायचा, त्याची नोंद ठेवायची, दुसऱ्याने तो करून पाहायचा. पुराव्याचा हा प्रकार सनदेच्या अगदी विरुद्ध होता, कारण त्यात कागदाच्या वयाला काही किंमत नव्हती. न्यूटनने १६८७ मध्ये ग्रह आणि पडणारा दगड यांना एकाच नियमात बसवले तेव्हा या पद्धतीचा दबदबा पक्का झाला.

राजकारण मात्र अजून जुन्या कागदांवरच चालले होते, आणि इंग्लंडमध्ये तर ते कागद निर्णायक ठरले. राजा पहिला चार्ल्स पार्लमेंटच्या संमतीशिवाय पैसा उभारू लागला, तेव्हा एडवर्ड कोक या वृद्ध कायदेपंडिताने १२१५ चा ‘मॅग्ना कार्टा’ पुढे केला. राजा जॉन आणि त्याचे बंडखोर सरदार यांच्यातील तो एक सरंजामी करार होता. कोकने त्यात साऱ्या इंग्रजांचे स्वातंत्र्य वाचले आणि १६२८ च्या हक्कांच्या अर्जात ते उतरवले. इतिहास म्हणून हे वाचन ओढूनताणून केलेले होते, राजकारण म्हणून ते अत्यंत यशस्वी ठरले. यादवी युद्ध झाले, ३० जानेवारी १६४९ रोजी राजाचा शिरच्छेद झाला, प्रजासत्ताक आले आणि गेले, आणि १६८८ च्या क्रांतीनंतर १६८९ मध्ये हक्कांचा कायदा संमत झाला. त्यातही आपण काही नवे मागत नसून पूर्वापार हक्कांची ग्वाही देत आहोत, अशीच भाषा होती.

या घटनेचा आर्थिक परिणाम बहुतेक ठिकाणी दोन ओळींत आटोपला जातो. दुसऱ्या चार्ल्सने १६७२ मध्ये सावकारांचे देणे सरळ थांबवले होते. हा तोच राजा ज्याला पोर्तुगीज राजकन्येच्या विवाहात मुंबई आंदण मिळाली आणि ज्याने ती १६६८ मध्ये वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. राजाचा शब्द फिरू शकतो, हे सावकारांना ठाऊक होते. १६८९ नंतर कर्जाची हमी पार्लमेंटची झाली आणि पार्लमेंटमध्ये कर भरणारे व कर्ज देणारे स्वतःच बसत होते. १६९४ मध्ये बँक ऑफ इंग्लंड स्थापन झाली आणि तिने सरकारला १२ लाख पौंड ८ टक्के व्याजाने दिले. ही रक्कम भागधारकांकडून अवघ्या १२ दिवसांत गोळा झाली होती. यानंतरच्या शतकात ब्रिटन फ्रान्सशी वारंवार लढला तो बहुतांशी उसन्या पैशावर, आणि तो पैसा त्याला फ्रान्सपेक्षा स्वस्त मिळत होता. फ्रान्समध्ये लोकसंख्या अधिक होती, जमीन अधिक होती, पण राजाचे कर्ज हे राजाचेच राहिले.

१७८८ मध्ये फ्रान्सच्या सरकारी खर्चाचा जवळजवळ निम्मा भाग कर्जाच्या व्याजात जात होता. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात केलेल्या मदतीने त्यात मोठी भर पडली होती. सरदार आणि धर्मगुरू यांना करांत मोठ्या सवलती होत्या आणि त्यांचा आधार अर्थातच प्राचीन हक्क हा होता. नवा कर बसवण्यासाठी सोळाव्या लुईला १६१४ नंतर कधीच न भरलेली तीन वर्गांची सभा बोलवावी लागली. पॅरिसच्या उच्च न्यायपीठाने तर असा निर्वाळा दिला की, ही सभा १६१४ च्याच पद्धतीने भरावी. याचा अर्थ प्रत्येक वर्गाला एक मत, म्हणजे धर्मगुरू आणि सरदार एकत्र आले की उरलेल्या ९८ टक्के जनतेचा पराभव ठरलेलाच. तोपर्यंत लोकप्रिय असलेले हे न्यायपीठ या एका निर्णयाने लोकांच्या मनातून उतरले.

येथे आपला धागा तुटतो. जानेवारी १७८९ मध्ये सीएस या धर्मगुरूने एक पुस्तिका काढली. आपण प्राचीन काळी हा देश जिंकणाऱ्या फ्रँक टोळ्यांचे वंशज आहोत म्हणून आपले हक्क मोठे, असे जे सरदार सांगतात त्यांना फ्रँकांच्या जंगलात परत पाठवायला काय हरकत आहे, असा सवाल त्याने केला. हक्काचे समर्थन प्राचीनत्वाने करण्याची थट्टा इतक्या उघडपणे होऊ लागली, हेच मला या साऱ्या काळातील सर्वांत मोठे वळण वाटते. ५ मे रोजी सभा भरली, १७ जूनला तिसऱ्या वर्गाने स्वतःला राष्ट्रीय सभा घोषित केले आणि १४ जुलैला पॅरिसमधील बॅस्टिल ही तुरुंग म्हणून वापरली जाणारी गढी पडली. उन्हाळ्यात खेड्यापाड्यांतील शेतकऱ्यांनी सरदारांच्या गढ्यांवर चाल केली, आणि पुष्कळ ठिकाणी त्यांनी मुद्दाम शोधून काय जाळले, तर त्यांच्यावरील देण्यांच्या नोंदवह्या आणि सनदा. ४ ऑगस्टच्या रात्री सभेने सरंजामी विशेषाधिकार रद्द केले. २६ ऑगस्टच्या जाहीरनाम्यात माणसाचे हक्क कोण्या राजाने दिलेले नव्हते, ते जन्माबरोबरच येतात असे म्हटले होते. १७९२ पासून नवी कालगणना धरण्यात आली आणि जुलै १७९३ मध्ये उरलेली सरंजामी देणी भरपाईशिवाय रद्द करून त्यांच्या सनदा जाळण्याचा हुकूमच सुटला.

जुना आधार काढून घेतल्यावर हक्क कोणाचे, हा प्रश्न लगेच उभा राहिला. ओलांप द गूज हिने १७९१ मध्ये स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिला आणि १७९३ मध्ये तिला गिलोटिनवर जावे लागले. वसाहतींतील गुलामगिरी १७९४ मध्ये रद्द झाली, १८०२ मध्ये नेपोलियनने ती पुन्हा आणली, आणि हैतीच्या पूर्वाश्रमीच्या गुलामांनी त्याच्या सैन्याचा पराभव करून १८०४ मध्ये स्वतःचे राज्य स्थापले. १८१५ मध्ये वॉटर्लूच्या लढाईत नेपोलियन हरल्यानंतर राजे परतले खरे, पण जमिनींची फेरवाटणी आणि १८०४ ची नेपोलियनची दिवाणी संहिता त्यांना पुसता आली नाही.

इंग्लिश खाडीच्या पलीकडे त्याच सुमारास जे चालले होते, त्याला जाहीरनाम्यांची गरजच नव्हती. इंग्लंडमध्ये लाकूड महाग होते आणि कोळसा मुबलक. पण खाणी खोल गेल्या की पाणी भरायचे. १७१२ मध्ये थॉमस न्यूकोमेन या लोखंडी सामानाच्या व्यापाऱ्याने डडलीजवळच्या कोळशाच्या खाणीवर एक इंजिन बसवले. सिलिंडरमध्ये वाफ भरायची, थंड पाण्याच्या फवाऱ्याने ती निववायची आणि आत तयार झालेल्या पोकळीमुळे बाहेरच्या हवेच्या दाबाने दट्ट्या खाली दाबला जायचा. हवेला वजन असते हे टॉरिचेल्लीने १६४३ मध्ये दाखवले होते, आणि पोकळीवरचे प्रयोग हा रॉयल सोसायटीचा आवडता विषय होता. हे इंजिन कोळसा अतोनात खाई, पण कोळशाच्या खाणीवरच असल्याने त्याची कोणाला फिकीर नव्हती. ग्लासगो विद्यापीठातील त्याचा एक छोटा नमुना दुरुस्त करताना जेम्स वॅटच्या लक्षात आले की, दर फेरीला सिलिंडर थंड होऊन पुन्हा तापण्यातच बहुतेक उष्णता वाया जाते. त्याने वाफ निववण्यासाठी वेगळे भांडे जोडले, १७६९ मध्ये पेटंट घेतले आणि उद्योजक मॅथ्यू बोल्टनबरोबर ही इंजिने बसवायला सुरुवात केली. कॉर्नवॉलच्या खाणमालकांकडून ते किंमत म्हणून वाचलेल्या कोळशाच्या पैशाचा एक तृतीयांश हिस्सा घेत. व्यवहाराची ही पद्धत मला इंजिनाइतकीच आधुनिक वाटते.

कापसाच्या बाबतीत भारताचा संबंध थेट आहे. भारतीय छापील सुती कापडाने इंग्लंडची बाजारपेठ इतकी व्यापली होती की, लोकर आणि रेशीम विणणाऱ्यांच्या दडपणाखाली पार्लमेंटने १७०० मध्ये त्याची आयात आणि १७२१ मध्ये त्याचा वापरही बहुतांशी बंद केला. या भिंतीआड इंग्लिश सुती उद्योग वाढला. भारतीय सुताशी टक्कर द्यायची तर महागड्या मजुरीचा खर्च यंत्राने कमी करणे भाग होते, आणि हारग्रीव्ह्जची जेनी हे सूतकताईचे यंत्र, आर्कराईटने १७७१ मध्ये क्रॉमफर्डला उभारलेली पाण्यावरची गिरणी आणि क्रॉम्प्टनचे १७७९ चे म्यूल हे कताईयंत्र यांनी ते साधले. कच्चा कापूस अमेरिकेतील गुलामांच्या श्रमातून येत होता.

या यंत्रांपुढे कारागिरांनी आधी काय केले, हे पाहण्यासारखे आहे. त्यांनी जुना कायदा काढून दाखवला. लोकरी कापडावर लव उठवणाऱ्या यंत्राविरुद्ध सोळाव्या शतकातील कायदा होता, आणि कारागिरांनी वकील लावून त्याची अंमलबजावणी मागितली. पार्लमेंटने आधी तो कायदा स्थगित केला आणि १८०९ मध्ये रद्द केला. कारागिरीच्या उमेदवारीसंबंधीचा १५६३ चा कायदा १८१४ मध्ये गेला. त्याच दरम्यान, १८११ पासून नॉटिंगहॅम आणि यॉर्कशायरमध्ये लडाइट कारागिरांनी यंत्रे फोडायला सुरुवात केली आणि १८१२ मध्ये यंत्र फोडण्याला फाशीची शिक्षा ठरली. उमराव सभेत त्याला विरोध करणाऱ्या मोजक्या लोकांत कवी बायरन होता. ज्या पार्लमेंटने स्वतःची सत्ता प्राचीन हक्कांच्या नावाने मिळवली होती, तिने विणकरांचे प्राचीन हक्क किती झटपट निकालात काढले, याची नोंद करायलाच हवी.

गिरणीतल्या मुलांकडे तर दाखवायला जुना कायदाही नव्हता, कारण तशी गिरणीच पूर्वी नव्हती. १८३३ चा कारखाना कायदा झाला तो चौकशी आयोगाने घेतलेल्या साक्षी, डॉक्टरांचे अहवाल आणि कामाच्या तासांचे आकडे यांच्या आधारावर. कापड गिरण्यांत ९ वर्षांखालील मुलांना काम देण्यास बंदी आली, १३ वर्षांखालील मुलांसाठी आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आली आणि देखरेखीसाठी चार सरकारी निरीक्षक नेमले गेले. साऱ्या देशासाठी चार माणसे ही चेष्टाच होती. तरीही त्यांचे छापील अहवाल पुढच्या प्रत्येक कायद्याचा पाया ठरले.

मुंबईत कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली. पुढच्या वीस वर्षांत मुंबईचे सूत मँचेस्टरला जाणवू लागले, आणि मायदेशी कामाच्या तासांवरील बंधनांना कडाडून विरोध केलेल्या लँकेशायरच्या गिरणीमालकांनी भारतातील मजुरांसाठी मात्र तसा कायदा व्हावा म्हणून लंडनमध्ये दडपण आणले. १८७५ मध्ये मुंबईत चौकशी आयोग बसला आणि १८८१ मध्ये कायदा झाला. त्यात कामावर घेण्याचे किमान वय ७ वर्षे ठरले होते आणि प्रौढ कामगारांच्या तासांविषयी काहीच नव्हते. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत पगार आणि अपघातात जखमी झालेल्यांना भरपाई, अशा त्यातील मागण्या होत्या. त्यांपैकी आठवड्याच्या सुट्टीची मागणी मुंबईच्या गिरणीमालकांनी जून १८९० मध्ये मान्य केली.